गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर होणारा जंतुसंसर्ग व त्यावरील उपचार



गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता पांढुर्णा-सौंसर परिसराला नवलाईची राहिलेली नाही. संत्र्याच्या बागेत आणि कपाशीच्या वावरात आयुष्यभर उकिडवे बसून कामे केलेली, चुलीपुढे जमिनीवर बसून स्वयंपाक केलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे. त्यांचे गुडघे झिजले आहेत. कोणी नागपूरला, कोणी छिंदवाड्याला किंवा भोपाळला जाऊन शस्त्रक्रिया करून येतात, आणि बहुतेकांना तिचा उत्तम गुण येतो. ज्यांना मंदिराच्या चार पायऱ्या चढवत नव्हत्या ते प्रदक्षिणा घालू लागतात. तथापि शंभरातील एखाद-दोन रुग्णांच्या नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. प्रमाण अल्प दिसते खरे, परंतु ज्या घरात हे घडते त्या घराची घडी विस्कटते. या संसर्गावर उपचार आहेत व ते गुणकारीही आहेत. मात्र उपचार सोपा होणार की अवघड, हे पुष्कळदा पहिल्या काही दिवसांत ठरते आणि नेमके तेच दिवस आपल्याकडे वाया जातात. म्हणून हा लेख थोडा विस्ताराने देत आहोत.

बोलताना आपण 'वाटी बदलली' असे म्हणतो. वास्तविक वाटी, म्हणजे गुडघ्यावरचे पुढचे छोटे हाड, बहुधा जागेवरच असते. फार तर तिच्या आतल्या बाजूस प्लॅस्टिकचा एक तुकडा बसवतात. बदलले जाते ते दोन मोठ्या हाडांच्या टोकांचे झिजलेले आवरण. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसते, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीन नावाच्या टणक प्लॅस्टिकची गादी असते. हे भाग हाडाला चिकटवण्यासाठी एक विशेष प्रकारचे सिमेंट वापरतात. या रचनेचा एक गुण असा की तिला दुखत नाही. दोष असा की तिच्यात रक्त वाहत नाही. आपल्या शरीरात कोठेही जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. धातू आणि प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर मात्र त्यांचा जोर चालत नाही.

परकी वस्तू शरीरात असली की जंतूंचे किती फावते, याचा एक जुना प्रयोग फार बोलका आहे. इंग्लंडमध्ये १९५७ साली एलेक व कोनेन या संशोधकांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू टोचून पाहिले. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी काही दशलक्ष जंतू लागले. त्याच जागी रेशमाचा एक टाका ठेवला असता शंभरेक जंतू पुरेसे ठरले. एका रेशमी धाग्याने जर एवढा फरक पडतो, तर अख्ख्या धातूच्या सांध्याभोवती किती दक्षता हवी हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

या जंतूंची खरी ताकद त्यांच्या संख्येत नसून त्यांच्या वस्तीत आहे. धातूवर पोहोचलेले जंतू प्रथम त्याला चिकटतात, मग वाढतात, आणि स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. नदीतल्या दगडावर शेवाळ चढते त्याचीच उपमा येथे चालेल. दगडावरून कितीही पाणी वाहिले तरी ते शेवाळ जात नाही, घासावेच लागते. तसेच एकदा हा थर पक्का झाला की रक्तातून येणारे औषध आतल्या जंतूंपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी निपचित पडून राहिलेल्या जंतूंवर त्याचा परिणाम होत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या जंतूला मारण्यास जेवढे औषध लागते त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध या थरातील जंतूंना लागते. एवढी मात्रा माणसाच्या शरीराला सोसणार नाही. हा थर काही दिवसांतच धरू लागतो आणि तीन-चार आठवड्यांत पक्का होतो. त्यापूर्वी रुग्ण शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचला तर बसवलेला सांधा वाचण्याची आशा असते. त्यानंतर पोहोचला तर बहुधा सांधा काढावा लागतो.

आपल्या भागातील अडचण नेमकी येथेच आहे. शस्त्रक्रिया होते शंभर किलोमीटर दूर नागपुरात. सौंसर तर नागपूर व छिंदवाडा यांच्या मधोमध, म्हणजे दोन्हीकडून दूरच. चार-पाच दिवसांनी रुग्ण घरी येतो. आठव्या-दहाव्या दिवशी पट्टी ओली दिसते. घरातली मंडळी म्हणतात, 'थोडे पाणी येतेच, सुकेल.' जवळच्या दवाखान्यात पट्टी बदलली जाते, मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या येतात, पाझर थांबतो, सगळे निश्चिंत होतात. गोळ्या संपल्या की पाझर पुन्हा सुरू. मग दुसऱ्या गोळ्या. असे दीड-दोन महिने निघून जातात. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. गाडी करून आजीला नागपूरला नेणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे, हा हिशेब आम्हालाही कळतो. पण वाचवलेल्या त्या एका फेरीची किंमत पुढे दोन मोठ्या शस्त्रक्रियांनी चुकवावी लागू शकते.

कोणती लक्षणे साधी, कोणती धोक्याची

शस्त्रक्रियेनंतर गुडघा सुजतो, कोमट लागतो, निळा-काळा पडतो. यात घाबरण्याजोगे काही नाही. ही ऊब तर काही महिनेही टिकू शकते. पहिल्या दोन-तीन दिवसांत पट्टीला थोडे रक्त लागणेही स्वाभाविक आहे. पण तीन दिवस उलटून गेल्यावरही जखम ओली राहणे, बंद झालेला पाझर पुन्हा सुरू होणे, टाक्यांभोवतीची लाली पसरत जाणे, थंडी वाजून ताप येणे, आणि कमी होत आलेला ठणका पुन्हा वाढणे ही लक्षणे दिसताच ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा व शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष दाखवावे. जखम वरवरची दिसली तरी ती खाली सांध्यापर्यंत गेली आहे की नाही हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रकारचा संसर्ग याहून फसवा असतो. त्यात ताप नाही, पू नाही. गुडघा फक्त दुखत राहतो. शस्त्रक्रियेला सहा महिने, वर्ष झाले तरी 'माझा गुडघा कधी सुधारलाच नाही' अशी तक्रार असते. त्वचेवर नेहमी असणारे सौम्य जातीचे जंतू अशा वेळी सांध्यात दबा धरून असतात. वय झाले, व्यायाम केला नाही, असे म्हणून या तक्रारीकडे दुर्लक्ष होते. आमच्या मते घरच्यांकडून वृद्धांवर सर्वात जास्त अन्याय होतो तो येथेच.

तिसरा प्रकार वर्षानुवर्षांनंतरचा. सांधा पाच-दहा वर्षे उत्तम चालतो आणि एके दिवशी अचानक गुडघा लाल होऊन सुजतो, पाय टेकवत नाही. अशा वेळी जंतू शरीरात दुसरीकडून आलेले असतात. पायाची चिघळलेली भेग, मधुमेह्याच्या तळव्याची जखम, किडलेला दात, लघवीच्या मार्गातील संसर्ग, पाठीवरचे गळू यांतून ते रक्तात येतात व रक्ताबरोबर सांध्यात. यातही पहिले काही दिवस मोलाचे असतात. हा उपचार लवकर झाला तर जुना सांधा वाचू शकतो.

त्वचेला कायमचे छिद्र पडून त्यातून पू येत असेल तर सांध्यात संसर्ग आहे यात शंकाच उरत नाही. आयुर्वेदात यालाच नाडीव्रण म्हणतात. सुश्रुताने त्याचे स्वतंत्र वर्णन केले आहे. असे छिद्र मलमाने बुजवण्याचा प्रयत्न करू नये. ते वरून बुजले तरी आतला पू जाणार कोठे?

गोळी आधी नको, तपासणी आधी हवी

संसर्गाचा संशय आल्यावर रक्ताच्या दोन तपासण्या होतात, सी.आर.पी. आणि ई.एस.आर. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही वाढतातच, म्हणून एका आकड्यावरून निष्कर्ष निघत नाही. सी.आर.पी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो व सुमारे तीन ते सहा आठवड्यांत पूर्ववत होतो. तो उतरण्याऐवजी वर जाऊ लागला तर ती सूचना समजावी. खरी निर्णायक तपासणी मात्र सांध्यातील पाण्याची. स्वच्छ वातावरणात सुईने ते पाणी काढतात, त्यातील पांढऱ्या पेशी मोजतात आणि जंतू उगवतात का हे पाहण्यासाठी ते प्रयोगशाळेत ठेवतात. शस्त्रक्रियेला काही महिने उलटले असतील तर एका मायक्रोलिटरमध्ये ३००० हून अधिक पांढऱ्या पेशी संसर्गाकडे बोट दाखवतात. पहिल्या काही आठवड्यांत ही मर्यादा १०,००० च्या आसपास धरतात. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून नमुना १४ दिवसांपर्यंत ठेवावा लागतो. अहवालाला इतके दिवस का लागतात म्हणून प्रयोगशाळेवर रागावण्यात अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. पाणी काढण्यापूर्वी रुग्णाने अँटिबायोटिक घेतले असेल तर जंतू अर्धमेले होतात. ते मरत नाहीत, पण प्रयोगशाळेत उगवतही नाहीत. संसर्ग तर आहे आणि जंतू कोणता ते कळत नाही, अशी स्थिती होते. मग डॉक्टरांना अंदाजाने, अधिक तीव्र व अधिक महाग औषधे द्यावी लागतात. म्हणूनच रुग्णाची प्रकृती गंभीर नसेल तर सुरू असलेली अँटिबायोटिक औषधे सुमारे दोन आठवडे थांबवून मग नमुना घेण्याची पद्धत आहे. अर्थात हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असे केंद्र शासनाने २०१६ पासून मोहीम काढून सांगितले आहे. ही रेघ आपल्याकडे फार थोडे लोक पाहतात. आणि 'झोलाछाप' मंडळी सांध्यात सुई घालून पाणी काढू पाहत असतील तर त्यांना स्पष्ट नकार द्यावा. त्यामुळे नसलेला संसर्गही होतो.

येथे एक नाजूक गोष्ट लिहिणे भाग आहे. आपला भाग श्रद्धाळू आहे. जामसावळीला निजलेल्या श्री हनुमंताच्या दर्शनास दूरदूरहून आजारी माणसे येतात, आणि येत राहावीत. परंतु तीर्थ, अंगारा, हळद, कोरफड, तेल यांपैकी काहीही टाक्यांच्या जखमेवर लावू नये. तीर्थ हे ग्रहण करण्यासाठी आहे. अंगारा कपाळी लावावा. शस्त्रक्रियेच्या जखमेला केवळ निर्जंतुक पट्टी लागावी, यात श्रद्धेला कोणतीही बाधा येत नाही.

गंगाजलाचा विषय निघाला की काही सुशिक्षित भाविक एका गोष्टीचा दाखला देतात, आणि ती खरी आहे. आग्र्यास काम करणारे इंग्रज शास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली असे नोंदवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे. जंतूंनाच खाऊन जगणारे सूक्ष्म विषाणू पुढे १९१७ मध्ये द'हेरेल यांनी ओळखले व त्यांना 'बॅक्टेरिओफाज' हे नाव दिले. जॉर्जिया देशातील त्बिलिसी येथे १९२३ पासून त्यावर काम करणारी संस्था आहे, आणि हट्टी सांधासंसर्गात हे विषाणू वापरून पाहण्याचे प्रयत्न आज काही देशांत सुरू आहेत. पण ते प्रयोगशाळेत निवडलेले, शुद्ध केलेले, त्या-त्या जंतूवर तपासून घेतलेले असतात. नदीच्या पाण्यात त्यांच्याबरोबर इतर असंख्य जंतूही असतात. तेव्हा हँकिनसाहेबांच्या नावाने जखमेवर नदीचे पाणी ओतू नये.

उपचाराचे मार्ग

संसर्ग लवकर कळला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर साधारण चार आठवड्यांच्या आत, किंवा जुन्या सांध्यात अचानक लक्षणे सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत, आणि धातूचे भाग हाडाला पक्के असले, तर सांधा न काढता धुण्याचा मार्ग निवडता येतो. गुडघा पुन्हा उघडतात, खराब झालेला सर्व भाग कापून काढतात, अनेक लिटर द्रवाने सांधा धुतात आणि मधली प्लॅस्टिकची गादी बदलतात. गादी बदलल्याशिवाय तिच्या मागची जागा स्वच्छ होत नाही. पाच-सहा ठिकाणांहून ऊतींचे नमुने प्रयोगशाळेत जातात. दुर्बिणीतून छिद्र पाडून धुणे कमी कापाकापीचे वाटते, म्हणून नातेवाईक त्याचा आग्रह धरतात. त्याने काम अपुरे होते, आणि त्याचा गुण उघडून धुण्याच्या तुलनेत कमी आहे. धुतल्यानंतरही सर्वांचाच सांधा वाचतो असे नाही. पण ज्यांची निवड योग्य आणि वेळेत झाली त्यांच्यापैकी बहुतांश रुग्णांचा वाचतो.

जंतूंचा थर पक्का झाल्यावर हे जमत नाही. अशा वेळी जगभर सर्वाधिक रूढ असलेली पद्धत दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात धातू, प्लॅस्टिक व सिमेंट सगळे काढून घेतात, हाड स्वच्छ करतात आणि मोकळ्या जागेत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. या ठोकळ्यातून औषध थेट त्या जागी झिरपत राहते. रक्तातून कधीच मिळाली नसती एवढी मात्रा तेथे मिळते, आणि बाकी शरीराला तिची झळ फारशी बसत नाही. सुमारे सहा आठवडे औषधे, मग काही काळ निरीक्षण, आणि जखम शांत व रक्ताचे आकडे उतरलेले दिसले की दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा. एकंदर तीन महिने, कधी त्याहून जास्त. या पद्धतीने दहांपैकी आठ-नऊ जणांचा संसर्ग आटोक्यात आल्याचे अनेक ठिकाणचे अनुभव आहेत. तथापि काही रुग्णांची प्रकृती दुसऱ्या टप्प्यापर्यंत टिकत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सिमेंटमध्ये औषध मिसळण्याची कल्पना जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील शल्यचिकित्सक बुखहोल्त्स यांची, १९७० च्या सुमाराची. तेथे सांधा काढणे व नवा बसवणे एकाच बैठकीत करण्याची परंपरा आहे. जंतू आधी ओळखलेला असेल, हाड व वरची त्वचा चांगली असेल तर ती पद्धत उपयोगी पडते व रुग्णाची एक शस्त्रक्रिया वाचते. गुडघ्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत रूढ केली ती न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल यांनी, १९८३ च्या सुमारास. याच इन्सॉल यांच्याबरोबर आधुनिक गुडघ्याची रचना करणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत होते, जन्माने मध्य प्रदेशचे आणि वैद्यकीय शिक्षणाने इंदूरचे. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, डावा ऑक्टोबर २००० मध्ये व उजवा जून २००१ मध्ये. 'वाटी बदलणे' हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो बराचसा त्या काळापासून. दोन्ही गुडघे एकदम न बदलता मध्ये आठ महिने जाऊ दिले होते, हेही घाई करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

औषधे किती दिवस घ्यायची यावर अलीकडे चांगले संशोधन झाले आहे. पूर्वी सहा आठवडे शिरेतूनच औषध द्यावे असा दंडक होता, म्हणजे सलाईनची नळी आणि रुग्णालयातील मुक्काम. हजाराहून अधिक रुग्ण घेऊन ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले की हाड व सांध्यांच्या संसर्गात पहिल्या आठवड्यानंतर योग्य निवडलेल्या पोटातील गोळ्या शिरेतील औषधाइतक्याच गुणकारी ठरतात. दूरच्या गावातील रुग्णांसाठी ही मोठी सोय आहे. पण 'योग्य निवडलेल्या' हे शब्द विसरू नयेत. दुसरी चाचणी फ्रान्समधील, २०२१ ची. तिच्यात सहा आठवड्यांची औषधे बारा आठवड्यांच्या तुलनेत कमी पडली, विशेषतः सांधा न काढता धुतलेल्या रुग्णांत. तेव्हा बरे वाटू लागले म्हणून दोन महिन्यांनी गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

यातील एका औषधाविषयी स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते, कारण त्यावरून घरोघरी गैरसमज होतो. रिफाम्पिसिन हे औषध आपल्याला क्षयरोगासाठी माहीत आहे. ते जंतूंच्या थरात शिरू शकते, म्हणून स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. चिठ्ठीवर त्याचे नाव पाहून 'आईला टीबी झाला' असे समजू नये. लघवी नारिंगी होते, त्यालाही घाबरू नये. मात्र ते एकटे कधीही घेऊ नये, जंतू काही दिवसांतच त्याला दाद देईनासे होतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या व मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम त्याने बदलतो, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. त्या टाळू नयेत.

क्वचित सांध्यात क्षयाचे जंतू किंवा बुरशीही आढळते. मग उपचार अधिक लांबतो. फारच थोड्या रुग्णांत गुडघा कायमचा सरळ जोडून टाकावा लागतो, किंवा शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद नसेल तर संसर्ग दाबून ठेवणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे द्याव्या लागतात. पाय गमावण्याची वेळ त्याहून विरळा.

तीन महिन्यांचा मधला काळ

दोन टप्प्यांच्या मधले दिवस रुग्णापेक्षाही घरच्यांची परीक्षा घेतात. सिमेंटचा ठोकळा आत असतो, पायावर पूर्ण भार देता येत नाही, वॉकर लागतो, शौचास कमोडची खुर्ची लागते. माणूस चिडचिडा होतो, जेवण कमी करतो. नेमक्या याच काळात त्याला भरपूर प्रथिनांची गरज असते. डाळ, दूध, दही, उसळी, आणि जे खातात त्यांना अंडी द्यावीत. जखम भरून येणे रक्तातील प्रथिनांवर पुष्कळ अवलंबून आहे. सांधा शुद्ध झाल्याखेरीज कडक उपास करू नये. एकादशीही फलाहार व दूध घेऊन करावी, आणि मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना विचारून. मधुमेह्याची साखर या काळात हमखास वर जाते, तिच्याकडे रोज लक्ष द्यावे. तंबाखू व विडी पूर्ण बंद. आमच्याकडे वृद्ध महिला मशेरी लावतात, तीही तंबाखूच होय.

खर्चाविषयी. गुडघ्यात बसवण्याच्या भागांच्या किमतीवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती तेव्हा कर वगळून ५४,७२० रुपये होती. संसर्गानंतर बसवायचा सांधा वेगळ्या बनावटीचा व महाग असतो, आणि औषधे व मुक्काम यांचा खर्च त्यावर. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न काहीही असो, कार्ड काढता येते. मात्र कोणत्या रुग्णालयात गुडघ्याची पुनर्शस्त्रक्रिया योजनेत बसते, आणि आपले मध्य प्रदेशचे कार्ड नागपूरच्या त्या रुग्णालयात चालते का, हे दाखल होण्यापूर्वी तेथील आयुष्मान मित्रांकडून विचारून घ्यावे. दाखल झाल्यावर विचारणे म्हणजे डोक्याला ताप.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हावयाची आहे

त्यांनी पुढील गोष्टी आधीच उरकून घ्याव्यात. तीन महिन्यांची सरासरी साखर डॉक्टर सांगतील तितकी खाली आणावी. किडलेले दात काढावेत किंवा भरून घ्यावेत. लघवीची जळजळ, पायांच्या भेगा, नखांतील चिखल्या यांवर उपचार करावा. चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांनी पावसाळा संपेपर्यंत थांबण्यास हरकत नाही. गुडघ्यात दुखणे थांबवणारी स्टिरॉइडची सुई घेतली असेल तर तीन महिने जाऊ द्यावेत, आणि ती घेतल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना तेथूनच वाट मिळते. पुढे दात काढावयाचा झाल्यास दंतवैद्यास सांधा बदलल्याचे जरूर सांगावे. त्यासाठी अँटिबायोटिक घेण्याची सरसकट गरज मात्र नाही.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. रुग्णालयातून सुटी होताना मिळालेला कागद, ज्यावर बसवलेल्या सांध्याचे नाव व क्रमांकाची चिकटपट्टी असते, तो देवघरातल्या किंवा कपाटातल्या अशा जागी ठेवावा की घरातल्या कोणालाही सापडेल. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर नुसती गादी बदलण्यासाठीही त्याच बनावटीचा भाग लागतो, आणि कागद नसेल तर तो शोधण्यात दिवस जातात. त्याच कागदावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा किंवा त्यांच्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. पट्टी ओली दिसली तर तिचा छायाचित्रासह निरोप आजकाल मोबाईलवरून लगेच पाठवता येतो. तो पाठवून झाल्यावरच कोणत्याही गोळीचा विचार करावा.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ